रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला सुधारणा सुचवायची आहे? आधी हातांकडे बघा

दुसरं कडवं, तिसरी ओळ, श्वास चुकला. हेडफोन कानावर तसाच ठेवून मी माइकपासून चार पावलं टाकत संगणकापाशी आले. स्पेस दाबून रेकॉर्डिंग थांबवलं, कंट्रोल-झेडने टेक (त्या खेपेचं रेकॉर्डिंग) काढला, माउस शोधला, सरकून गेलेली पट्टी मागे ओढली, कडव्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवला, रेकॉर्डसाठी आर दाबलं आणि परत चार पावलं. माइकपाशी पोचले तोवर काउंट-इन (रेकॉर्डिंग सुरू होण्याआधीचे मोजणीचे ठोके) संपला होता. पुन्हा तेच सगळं.

त्या रात्री वैतागून मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पहिली सूचना पाठवली: ‘एकट्याने रेकॉर्डिंग करणं फार किचकट आहे, सोपं करा.’ उत्तर आलं, ‘नेमकं काय किचकट आहे?’ तोवर नेमकं काय ते माझ्याही लक्षात नव्हतं. सूचना बंद झाली, आणि तसं होणं रास्तच होतं.

त्यानंतर बऱ्याच सूचना पाठवल्या. काही नाकारल्या गेल्या, काही अजून लटकलेल्या आहेत, दोन-तीन प्रत्यक्षात आल्या. पहिल्यांदाच सूचना पाठवत असाल तर माझ्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत, म्हणून हा सगळा क्रम लिहिते आहे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, पद्धत जवळपास हीच.

हाताशी काय काय हवं

- सॉफ्टवेअरचा पूर्ण आवृत्ती क्रमांक. ‘लेटेस्ट’ असं लिहू नका; तुमची सूचना वाचली जाईल त्या दिवशी लेटेस्ट वेगळंच असेल. ‘अबाउट’च्या खिडकीत दिसतो तो आकडा जसाच्या तसा उतरवा.
- ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती.
- सूचना प्रत्यक्ष रेकॉर्डिंगशी संबंधित असेल तर ऑडिओ इंटरफेस, ड्रायव्हरचा प्रकार (एएसआयओ, कोअर ऑडिओ, अल्सा, जॅक यांपैकी जो असेल तो), सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) आणि बफर (एका वेळी किती मोजमापं हाताळायची).
- स्क्रीन रेकॉर्ड करण्याची सोय. संगणकात असलेली साधीसुद्धा चालते.
- एक नकली प्रोजेक्ट. याबद्दल पुढे सांगते.
- कागद आणि पेन. थट्टा नाही, सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

१. आठवडाभर फक्त नोंदी करा

सूचना डोक्यात आली की लगेच लिहून पाठवायचा मोह होतो. थांबा. संगणकाशेजारी कागद ठेवा आणि काम करताना जिथे जिथे हात अडखळला तिथे एक ओळ लिहा. उपाय लिहू नका, फक्त घटना लिहा. ‘इथे एक बटण हवं’ हा उपाय झाला. ‘ट्रॅकचं नाव बदलायला गेले आणि चुकून सोलो (फक्त तोच ट्रॅक ऐकवणारं बटण) दाबलं गेलं’ ही घटना.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण आपण सुचवलेला उपाय बहुतेक वेळा आपल्या स्क्रीनपुरता बरोबर असतो. तुम्ही बटण मागता. पण टूलबारवर आधीच साठ बटणं असतात आणि एकसष्टावं कुणालाच नको असतं. घटना नीट सांगितली तर कधी कधी बटणाशिवायच काम भागतं. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी क्लिप (रेकॉर्ड झालेला तुकडा) पुढे-मागे सरकवायची तर आधी टाइम शिफ्ट हे वेगळं टूल निवडावं लागायचं, काम झालं की परत सिलेक्शन टूलवर यावं लागायचं. २०२१ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीत ते टूलच गेलं. क्लिपच्या वरच्या कडेला धरायला पट्टी आली. ती पकडायची आणि ओढायचं. ‘टाइम शिफ्टचं बटण मोठं करा’ एवढीच मागणी करत बसलो असतो तर मोठं बटण मिळालं असतं, टूल बदलण्याची कटकट तशीच राहिली असती.

आठवड्याअखेर कागदावर पंधरा-वीस ओळी असतील. त्यातल्या अर्ध्या तुमच्या सवयीच्या असतात. सॉफ्टवेअरचा त्यात दोष नसतो. एकदाच घडलेल्या गोष्टी खोडा. तीनपेक्षा जास्त वेळा आलेली ओळ पुढे न्या.

२. कृती मोजा, पण सेकंदांच्या नादी लागू नका

मी माझी ‘टेक चुकला, परत सुरू’ ही घटना घेऊन बसले आणि एकेक कृती सुटी केली:

थांबवा (कीबोर्ड). टेक काढा (कीबोर्ड). दृश्य मागे सरकवा (माउस). कर्सर जागेवर ठेवा (माउस). ट्रॅक अजून आर्म, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तयार, आहे का ते बघा (डोळे). रेकॉर्ड दाबा (कीबोर्ड).

सहा कृती. घड्याळ लावलं तर अकरा सेकंद. त्या संध्याकाळी ३४ टेक फुकट गेले होते. म्हणजे ३७४ सेकंद, सहा मिनिटांच्या जरासं वर. आकडा बघून मीच खट्टू झाले. एवढ्या थयथयाटाला फक्त सहा मिनिटं? डेव्हलपरला हे सांगितलं असतं तर त्यानेही खांदे उडवले असते.

मग कंसातले शब्द नीट पाहिले. कीबोर्ड, कीबोर्ड, माउस, माउस, डोळे, कीबोर्ड. हात दोनदा जागा बदलतो आणि नजर एकदा स्क्रीन धुंडाळते. अडचण तिथे होती. माउस धरून कर्सर नेमका बारच्या (तालातल्या ठोक्यांच्या एका गटाच्या) रेषेवर बसवायचा तर लक्ष पूर्ण तिथे जातं, आणि डोक्यात धरून ठेवलेली ओळ निसटते. कडव्याची लय, कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द दाबायचा, सगळं. पुढचा टेक बिघडतो तो त्यामुळे.

म्हणून मोजताना तीन गोष्टी लिहा: कृती किती, कीबोर्ड-माउस अशी अदलाबदल किती वेळा, आणि नजर कामावरून किती वेळा हटली. सूचनेत हे तीन आकडे आले की वाचणाऱ्याला तुमची रेकॉर्डिंगची खोली दिसायला लागते. ‘वर्कफ्लो सुधारेल’ या शब्दांनी काहीच दिसत नाही.

३. ती सोय आधीच आहे का, ते शोधा

इथे मी चांगलीच तोंडघशी पडले आहे. सगळं मोजून, छान लिहून मी दुसरी सूचना पाठवली: ‘चालू टेक टाकून देऊन सुरुवातीला परत नेणारी एकच आज्ञा हवी.’ एका ओळीत उत्तर आलं. त्या ओळीत फक्त त्या आज्ञेचं नाव होतं. ती आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये होतीच, तिला शॉर्टकट दिलेला नव्हता इतकंच. मी ‘डिलीट’ आणि ‘अनडू’ हे दोनच शब्द शोधले होते.

नावांची गंमत बघा. चालू रेकॉर्डिंग टाकून देणं ही एकच गोष्ट, पण आर्डूरमध्ये तिला ‘स्टॉप अँड फरगेट कॅप्चर’ म्हणतात आणि ती कंट्रोल-स्पेसवर असते. लॉजिकमध्ये तिचं नाव ‘डिस्कार्ड रेकॉर्डिंग अँड रिटर्न टू लास्ट प्ले पोझिशन’, कमांड आणि पूर्णविराम. प्रो टूल्समध्येही कमांड-पूर्णविरामानेच चालू टेक रद्द होतो. रीपरमध्ये तीच ‘स्टॉप’च्या नावाखाली सापडते, पुढे सगळं रेकॉर्ड झालेलं डिलीट करते असं लिहिलेलं. फरगेट, डिस्कार्ड, कॅन्सल, डिलीट: चार सॉफ्टवेअरं, चार क्रियापदं.

दुसरं उदाहरण. रेकॉर्ड न दाबता कीबोर्डवर सहज काही वाजवलं आणि ते नंतर हवंसं वाटलं. एबल्टन लाइव्हमध्ये त्यासाठी ‘कॅप्चर’ आहे, ते २०१८ मध्ये दहाव्या आवृत्तीत आलं. क्यूबेसमध्ये ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून ‘रेट्रोस्पेक्टिव्ह रेकॉर्ड’ या नावाने होती. लाइव्हमधून क्यूबेसकडे आलेला माणूस ‘कॅप्चर’ शोधत बसतो, काही हाती लागत नाही, आणि नवी मागणी लिहायला घेतो.

तर शोधायचं असं. आधी आज्ञांची यादी उघडा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती शॉर्टकटच्या खिडकीतच असते. रीपरमध्ये प्रश्नचिन्हाची कळ दाबली की यादी समोर येते. एका कामासाठी सुचतील तेवढी क्रियापदं टाकून बघा, किमान पाच. मग इतर सॉफ्टवेअरमध्ये त्याच गोष्टीला काय म्हणतात ते बघा आणि तेही शब्द टाका. मग मॅन्युअल. शेवटी जुन्या सूचनांमध्ये शोधा, बंद झालेल्यासुद्धा. बंद झालेल्या सूचनेखालची चर्चा सगळ्यात उपयोगी असते, कारण ‘हे का करत नाही’ ते तिथे लिहिलेलं असतं.

एक सापळा आपल्या लोकांसाठी खास. संगणकाचा कीबोर्ड मराठीवर ठेवून ट्रॅकला ‘मुख्य आवाज’, ‘साथ १’ अशी नावं दिली, आणि मग तो इंग्रजीवर आणायला विसरलात, तर एका अक्षराचे शॉर्टकट चालेनासे होऊ शकतात. आर दाबलं तरी सॉफ्टवेअरपर्यंत आर पोचतच नाही, देवनागरी अक्षर पोचतं. ‘रेकॉर्डचा शॉर्टकट मध्येच बंद पडतो’ अशी तक्रार मी जवळजवळ पाठवलीच होती.

४. आधी स्वतः जुळवून बघा

सोय नसेल, पण तिचे तुकडे असतील, तर ते जोडून बघा. रीपरमध्ये अनेक आज्ञा एकामागोमाग लावून स्वतःची कृती बनवता येते आणि तिला हवी ती कळ देता येते. त्यापुढे जायचं तर ल्युआ किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये स्क्रिप्टही लिहिता येते. आर्डूरमध्येही ल्युआ चालतं. ऑडॅसिटीत मॅक्रो आहेत, पण त्यांचा मुख्य उपयोग एकच प्रक्रिया अनेक फायलींवर चालवायला होतो.

दोन शक्यता असतात. जुळवाजुळव नीट चालली, तर तुमचं काम आजच भागलं. सूचना पाठवायची की नाही ते सवडीने ठरवा. आणि अर्धवट चालली, तर नेमकी कुठे अडली ते कळतं, आणि तीच तुमची खरी सूचना असते. माझं तसंच झालं. टेक टाकून देणारी आज्ञा आणि रेकॉर्ड सुरू करणारी आज्ञा मी एका कळीवर बसवल्या. टेक जायचा, कर्सर परत यायचा, रेकॉर्डिंगही सुरू व्हायचं. पण काउंट-इन मिळायचा नाही. जोडलेल्या कृतीतून रेकॉर्ड सुरू झालं की तो वगळला जायचा. चार पावलं मागे जाऊन माइकपाशी उभं राहायला मला दोन बार हवे होते, आणि तेच मिळत नव्हते.

‘एकट्याने रेकॉर्डिंग सोपं करा’ इथून निघालेली गाडी ‘टेक टाकून पुन्हा सुरू करताना काउंट-इन मिळावा’ इथे येऊन थांबली.

५. छोटी वाटणारी मागणी खरंच छोटी आहे का

आपल्याला एक चौकोन आणि त्यात टिकमार्क दिसतो, म्हणून काम छोटं वाटतं. आत काय चालतं याचा जरा अंदाज असलेला बरा.

आवाजाचं काम अतिशय घाईत चालतं. ४८,००० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर ठेवला तर एका बफरला सुमारे २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळे ट्रॅक, सगळे प्लग-इन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरं) यांचा हिशोब होऊन आवाज बाहेर पडलाच पाहिजे. उशीर झाला की ‘टक्’ असा आवाज येतो किंवा खरखर ऐकू येते. त्यामुळे हा भाग कुठल्याही गोष्टीसाठी ताटकळत थांबू शकत नाही. डिस्कवर लिहिणं, स्क्रीन रंगवणं, फाईल उघडणं ही कामं त्याच्या बाहेर, वेगळीकडे चालतात. ‘रेकॉर्डिंग चालू असताना प्लग-इन टाकला तर जराही खंड पडू नये’ ही मागणी एका वाक्याची आहे खरी, पण ती थेट या घाईच्या भागात हात घालते.

दुसरी जड गोष्ट म्हणजे प्रोजेक्टची फाईल. तुमच्या मागणीमुळे प्रोजेक्टमध्ये काही नवीन साठवावं लागणार असेल, तर जुने प्रोजेक्ट नव्यात कसे उघडतील आणि नवे जुन्यात उघडतील का, हे प्रश्न येतात. ऑडॅसिटी ३.० मध्ये एकाच फाईलचा ‘एयूपी३’ प्रकार आला. तो जुन्या २.x आवृत्त्यांमध्ये उघडत नाही. असे निर्णय उठसूट घेता येत नाहीत.

खरोखर छोट्या मागण्या साधारण अशा असतात: असलेल्या आज्ञेला शॉर्टकट देता यावा, खिडकीने मागच्या वेळचं मूल्य लक्षात ठेवावं, नव्या ट्रॅकचं नाव टाइप करायला कर्सर आपोआप तिथे जावा, दोन आज्ञा ओळीने चालाव्यात, संदेशात नुसतं ‘एरर’ न म्हणता कुठला ट्रॅक ते सांगावं.

आणि ‘सेटिंग्जमध्ये एक पर्याय द्या, ज्याला हवं तो लावेल’ हे वाक्य जपून वापरा. ते लिहिताना आपण मोठं मन दाखवतोय असं वाटतं, पण हो-नाही असे दहा पर्याय म्हणजे १,०२४ वेगवेगळ्या जुळण्या, आणि त्यातली प्रत्येक कुणाच्या तरी संगणकावर बिघडू शकते. त्याउलट ‘मूळ वागणूकच बदला’ असं म्हणाल, तर वर्षानुवर्षं तीच कळ दाबणाऱ्या हजारो बोटांची सवय मोडते. नवी, वेगळी आज्ञा मागणं हा बहुतेक वेळा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग असतो. कुणाचंच काही मोडत नाही.

६. सूचना लिहा

एका सूचनेत एकच मागणी. माझ्या कागदावर सात होत्या आणि मी सातही एकत्र पाठवल्या होत्या, असंही एकदा केलं आहे. त्यातली एक नाकारली गेली आणि बाकीच्या सहा तिच्याबरोबर बुडाल्या.

बहुतेक ठिकाणी इंग्रजीत लिहावं लागतं. आधी मराठीत मुद्दे काढा, मग छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. भाषा सुंदर असायची गरज नाही, आज्ञांची नावं मात्र स्क्रीनवर आहेत तशीच हवीत. मी पाठवलेली सूचना मराठीत सांगायची तर अशी होती:

‘शीर्षक: टेक टाकून, काउंट-इनसह पुन्हा रेकॉर्ड सुरू करणारी आज्ञा.

परिस्थिती: एकटी गाते, माइक संगणकापासून चार पावलांवर. टेक चुकला की तोच भाग लगेच पुन्हा रेकॉर्ड करायचा असतो.

आत्ता काय होतं: सहा कृती, कीबोर्ड-माउस अदलाबदल दोनदा. दोन आज्ञा एका कळीवर जोडल्या तर एका कृतीत होतं, पण काउंट-इन वगळला जातो.

काय व्हावं: एका कळीने चालू टेक टाकला जावा, कर्सर त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला यावा, सेटिंगमध्ये काउंट-इन चालू असेल तर तो वाजावा, आणि रेकॉर्डिंग सुरू व्हावं.

काय बदलू नये: सध्याच्या स्टॉप आणि रेकॉर्डच्या कळा आहेत तशाच राहाव्यात.’

एवढंच. ‘सगळ्यांनाच हे हवंय’, ‘इतर सॉफ्टवेअरमध्ये कधीचं आहे’, ‘हे नसेल तर मी दुसरीकडे जाईन’ यांतलं काही लिहू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरचा उल्लेख करायचा तर तिथे ते कसं चालतं हे सांगण्यापुरताच करा.

मी एक भाग विसरले होते, तो तुम्ही विसरू नका: कडेच्या शक्यता. मला परत प्रश्न आले. लूप रेकॉर्डिंग (तोच भाग पुन्हा पुन्हा वाजवत रेकॉर्ड करणं) चालू असेल आणि पाच फेऱ्या झाल्या असतील, तर पाचही टाकायच्या की शेवटचीच? चार ट्रॅक आर्म असतील तर चारही? काउंट-इन चालू असतानाच ती कळ परत दाबली तर? आणि सगळ्यात अडचणीचा: ‘टाकायचा’ म्हणजे फक्त पट्टीवरून काढायचा, की डिस्कवरची फाईलसुद्धा पुसायची?

या शेवटच्या प्रश्नाचा मी कधी विचारच केला नव्हता. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अनडू केलं तरी आवाजाची फाईल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पडून राहते. वेगळी साफसफाई केल्याशिवाय जात नाही. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला ८.६ एमबीच्या आसपास जागा खातं. मी फोल्डर उघडून पाहिलं तर त्या एका गाण्याच्या शेकडो फुटकळ फायली तिथे मुक्काम ठोकून होत्या. तरीही मी ‘पुसू नका’ असंच उत्तर दिलं. चुकून कळ दाबली गेली आणि तोच टेक सगळ्यात चांगला होता, असं व्हायला वेळ लागत नाही.

७. छोटी चित्रफीत जोडा

वीस-तीस सेकंद पुरतात. त्यासाठी नकली प्रोजेक्ट वापरा: दोन-तीन ट्रॅक, त्यात मेट्रोनोम किंवा साधा सूर. ऑडॅसिटीत ‘जनरेट’ मेनूतून ४४० हर्ट्झचा सूर क्षणात तयार होतो. दुसऱ्याचं अप्रकाशित गाणं उघड्यावर जाऊ देऊ नका. आवाज बंद ठेवलात तरी खिडकीच्या वरच्या पट्टीत प्रोजेक्टचं नाव दिसतं, आणि फाईल निवडण्याच्या खिडकीत तर अख्खं फोल्डर.

दाबलेल्या कळा स्क्रीनवर दिसतील अशी सोय असेल तर लावा. नसेल तर चित्रफितीखाली सेकंदवार लिहा. हवी ती मांडणी दाखवायची तर कागदावर पेनाने काढून फोटो जोडा. रेखीव, रंगीत चित्र काढलंत तर चर्चा रंगांवर जाते.

८. योग्य दारातून पाठवा

विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा आतच फीडबॅकचा पर्याय असतो. गॅरेजबँड आणि लॉजिकमध्ये तो सॉफ्टवेअरच्या नावाच्या मेनूत आहे. तिथून उत्तराची फारशी अपेक्षा ठेवू नका. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सूचनांची उघडी नोंदवही असते. ऑडॅसिटी आणि एलएमएमएस यांच्या नोंदवह्या गिटहब या संकेतस्थळावर आहेत, आर्डूरचा स्वतःचा ट्रॅकर आहे. कुठे नव्या कल्पनांवर आधी चर्चा करायची पद्धत असते, कुठे थेट नोंद. पाठवण्याआधी त्यांचे नियम वाचा, दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्यासारखीच सूचना आधीपासून उघडी असेल तर नवी टाकू नका. तिच्यावर अंगठ्याची खूण करा. ‘मलाही हवं’ एवढंच लिहिलंत तर त्या चर्चेतल्या प्रत्येकाला ई-मेल जाते, आणि वाचणारे कावतात. तुमच्याकडे नवी परिस्थिती किंवा मोजलेले आकडे असतील तर मात्र जरूर लिहा.

चूक आणि सुधारणा यांत गल्लत करू नका. काउंट-इन वगळला जाणं ही चूक की तसंच ठरवलेलं? मी ‘सुधारणा’ म्हणून पाठवलं, त्यांनी खूण बदलून ‘बग’ केली, आणि त्यामुळे गाडी लवकर हलली. उलटं केलंत, म्हणजे आवडीनिवडीला बग म्हणालात, तर पहिलाच ठसा वाईट पडतो.

९. पाठवल्यानंतर

बहुतेक वेळा शांतता असते. दर आठवड्याला ‘काही झालं का?’ विचारू नका. नवी मोठी आवृत्ती आली की तिच्यात तपासून बघा आणि ‘या आवृत्तीतही तसंच आहे’ अशी एक ओळ टाका. तेवढं चालतं.

‘वोंटफिक्स’ (हे करणार नाही) असा शिक्का बसला तर कारण वाचा. कारण पटलं नाही तरी वाद घालण्यापेक्षा चौथ्या पायरीवर परत या. स्क्रिप्टने काम भागत असेल तर ती स्क्रिप्ट त्याच सूचनेखाली ठेवा. नंतर शोधत येणाऱ्याला ती मिळेल.

‘चाचणीची आवृत्ती बघाल का?’ असं विचारलं तर हो म्हणा, पण चालू कामावर ती वापरू नका. शक्य असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा (रीपरमध्ये पोर्टेबल पद्धतीने बसवता येतं) आणि प्रोजेक्टची प्रत उघडा, मूळ नको. चाचणीच्या आवृत्तीत साठवलेला प्रोजेक्ट जुन्यात उघडेलच असं नाही. बघून झालं की त्यांनी विचारलेल्या कडेच्या शक्यताही तपासा आणि काय चाललं, काय नाही ते लिहा. ‘मस्त!’ एवढ्याने त्यांना काही कळत नाही.

माझी आज्ञा आली तेव्हा मी मागितली होती तशी नव्हती. लूप रेकॉर्डिंगमध्ये ती फक्त शेवटची फेरी टाकते, टाकलेला टेक अनडूने परत मिळतो, आणि तिला कुठलीच कळ दिलेली नाही. शॉर्टकटच्या खिडकीत जाऊन मी तिला कळ दिली, आणि तीच कळ एका जुन्या पायाच्या पेडलवर बसवली. पेडलची तार आता माइकच्या स्टँडपर्यंत जाते. काउंट-इन मी दोन बारांवरून एकावर आणला आहे. चार पावलं चालायची राहिलेली नाहीत.